मागून शिट्टी

आमची कुत्री शिकारी जातीची आहे हे घरात सगळ्यांत उशिरा आईला कळलं. तोवर ती दुबईत, आमच्या करामातल्या फ्लॅटमध्ये चांगली रुळली होती, आईच्या हातची पोळी खात होती आणि दुपारी एसीखालच्या फरशीवर चारही पाय वर करून झोपत होती. एवढे लांब, मऊ कान असलेलं जनावर शिकार करतं हे आईला पटेना. मी तिला समजावलं की हे कुत्रे स्वतः मारत नाहीत. माणसानं बंदुकीनं पाडलेला पक्षी झुडपातून शोधायचा आणि दात न लावता त्याच्या हातात आणून द्यायचा, एवढंच त्यांचं काम.

"म्हणजे आपल्याकडे येऊन बिचारी बेकार झाली," आई म्हणाली.

ती आमच्याकडे आली ती अशी. रास अल खोरच्या एका गोदामाच्या ऑफिसात मी काम करते. गाड्यांचे सुटे भाग येतात आणि जातात, त्यांची कागदपत्रं मी बघते. आमचे मॅनेजर इंग्लंडचे. त्यांची आई आजारी पडली आणि त्यांना ऐन उन्हाळ्यात तातडीनं निघावं लागलं. इथल्या त्या उन्हात विमानातून कुत्रा न्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटच्या मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "थोडे दिवस हिला कोण सांभाळेल?" सगळे आपापल्या लॅपटॉपमध्ये बघायला लागले. मी हात वर केला. मीटिंगमध्ये त्याआधी मी कधी हात वर केल्याचं मला आठवत नाही.

"आधी विचारायचं तरी," बाबा म्हणाला.

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"अर्थात नाही म्हणालो असतो!"

बिल्डिंगमध्ये कुत्रा चालतो की नाही हे मात्र मी वॉचमनला आधीच विचारून ठेवलं होतं. मी कमी बोलते, पण विचारायचं ते विचारून घेते.

तिचं नाव इथे लिहीत नाही. मूळ नाव इंग्रजी होतं, आईनं आठवड्याभरात त्याचं काहीतरी वेगळंच करून टाकलं. पांढऱ्या अंगावर मोठे चॉकलेटी डाग आणि सतत जमिनीला लागलेलं नाक, अशी ती स्पॅनियल. तिच्याशी मी मराठीत बोलू लागले. आईबाबांनी मराठीत विचारलं तरी लहानपणापासून मी उत्तर इंग्रजीत देत आले आहे. ऊद मेथाच्या शाळेत तेच सोपं होतं, आणि मराठीत काही चुकलं की घरात सगळे हसायचे. कुत्री हसत नव्हती.

उन्हाळा सरत आला तेव्हा मॅनेजरचा मेल आला. ते आता परतणार नव्हते. त्यांनी लिहिलं होतं की ही पळण्यासाठी जन्मलेली कुत्री आहे. फ्लॅटमध्ये राहायला हरकत नाही, पण आठवड्यातून निदान एकदा तरी तिला मोकळं सोडता आलं पाहिजे. माझ्या ओळखीच्या एक बाई दुबईबाहेर कुत्र्यांना शिकवतात, त्यांच्याकडे तिला घेऊन जा. मोकळी सोडली तरी ती तुझ्या ताब्यात राहते असं त्यांनी सांगितलं, तर ती तुझीच. नाहीतर पुढच्या उन्हाळ्याच्या आत त्या तिच्यासाठी मोठी जागा असलेलं घर शोधतील.

मला राग यायला हवा होता, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्याच आठवड्यात बिल्डिंगमागच्या पार्किंगमध्ये एका मांजरामागे ती गळपट्ट्यातून निसटली होती आणि सरळ मेन रोडवर गेली होती. एका टॅक्सीनं ब्रेक मारला, दुसरीनं हॉर्न. ती गाडीखाली आली नाही, इतकंच. मी जिवाच्या आकांतानं हाका मारल्या असं मला वाटलं होतं. नंतर वॉचमन म्हणाला, "मॅडम, आपकी तो आवाज ही नहीं निकली."

मॅनेजरनं सांगितलेल्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. उन्हानं रापलेल्या, उंच, आणि कुत्र्यांशी जितक्या गोड तितक्याच माणसांशी तुटक. चाऱ्याच्या शेतांमध्ये त्यांनी एक तुकडा भाड्यानं घेतला होता. बोलणं इंग्रजीतच व्हायचं, मी ते मराठीत मांडते आहे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात दोरीला बांधलेली एक छोटी प्लास्टिकची शिट्टी ठेवली.

"एक लांब शिट्टी म्हणजे जिथे आहेस तिथे बस आणि माझ्याकडे बघ. बाकी सगळं नंतर. ही एक गोष्ट तिला आली तर ती जगेल."

"आणि तिला माझ्याकडेच ठेवायचं असेल तर?"

"तरीही हीच गोष्ट. मार्चमध्ये बघू."

सुरुवात जेवणाच्या वाडग्यापासून झाली. वाडगा हातात धरायचा, एक लांब शिट्टी, दुसरा हात वर. ती बसली की वाडगा खाली. दोन-तीन दिवसांत ती शिट्टी ऐकताच बसायला लागली. बाबाला भलतीच काळजी पडली. "आता कुकर लागला की ही स्वयंपाकघरात धरणं धरून बसेल," तो म्हणाला. तसं काही झालं नाही. कुकरच्या शिट्टीला ती एक कान उचलायची आणि पुन्हा झोपायची.

मग पार्किंग. तिथे मात्र मी अडले. चारी बाजूंना बाल्कन्या, बाल्कन्यांत कपडे वाळत घालणारी, चहा पिणारी माणसं, आणि मध्ये तोंडात शिट्टी घेऊन उभी मी. पहिली शिट्टी जरा मोठ्यानं गेली आणि तीन मजल्यांवरून माणसं वाकून बघायला लागली. "ओ सिस्टर, मॅच है क्या?" वरून कुणीतरी ओरडलं. त्यानंतर मी इतकी हळू वाजवू लागले की शिट्टीतून आवाजापेक्षा हवाच जास्त जायची. कुत्रीही तेवढीच दाद द्यायची.

पुढच्या खेपेला बाईंनी ते एकदाच ऐकलं.

"तू शिट्टीतूनसुद्धा सॉरी म्हणतेस," त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात रोज ऑफिसला पोचल्यावर, गाडीच्या काचा बंद करून, मी आत बसून शिट्टी वाजवायचा सराव केला. बंद गाडीत कान बधिर होतात. पण हळूहळू तो आवाज माझा वाटायला लागला. सरळ, न थरथरणारा. पुढे गोदामाच्या इन-चार्जला विचारून मी रविवारी तिला तिथेच न्यायला लागले. गोदाम रविवारी रिकामं असतं. दोन उंच रॅकच्या मधून लांबलचक सरळ वाट जाते, तिथे ना मांजर ना बाल्कनी. ती पुढे जायची, वळून माझ्याकडे बघायची, मी शिट्टी वाजवायची, ती बसायची. मग मी तिला बोलवायची आणि ती कान उडवत धावत यायची. पुन्हा, पुन्हा. एकदाही चुकली नाही. मी व्हिडिओ काढून आईला दाखवला. आईनं तो पुण्याला मावशीला पाठवला, मावशीनं आणखी कुणाला.

असं सगळं छान चाललेलं असताना शेतात नेल्यावर ती पार विसरली. मोकळी सोडली की नाक खाली घालून निघायची, मध्येच वळून बघायची, मी शिट्टी वाजवायची, आणि ती जशी काही मी अबूधाबीहून वाजवते आहे अशी पुढे जायची. कधी थांबलीच तर बसायची नाही. थबकायची आणि लगेच माझ्याकडे यायला निघायची, अर्ध्या वाटेत पुन्हा भटकायची.

बाई खिशात हात घालून बघत उभ्या होत्या. "तुझं एक लक्षात आलंय का? ती तुझ्याकडे वळून बघेपर्यंत तू शिट्टीच वाजवत नाहीस. दर वेळी. कशाची वाट बघतेस?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

"जी तुझ्याकडे बघते आहे ती आधीच अर्धी थांबलेली आहे. तिला थांबवण्यात काय मोठंसं? मला ती पाठमोरी असताना थांबायला हवी आहे. जानेवारी संपत आलाय."

घरी येताना मी गाडीत तोच विचार करत होते. पाठमोरी असताना शिट्टी ओठांत असायची, श्वासही भरलेला असायचा, पण आतून काहीतरी 'अजून नको' म्हणायचं. ती भीती नव्हती. भीती मला ओळखता येते.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मिळालं. बाबा ऑफिसला निघाला आणि त्याचा फोन टेबलावरच राहिला. तो लिफ्टजवळ पोचला होता. मी दारात जाऊन हाक मारायला तोंड उघडलं, तोच आईनं मागून माझा दंड धरला.

"अगं, मागून हाक नको मारूस."

आणि ती स्वतः फोन घेऊन, अनवाणी, ओल्या हातांनी लिफ्टपर्यंत धावली. एक अक्षर न बोलता तिनं फोन बाबाच्या हातात दिला. बाबानंही जणू काही झालंच नाही असा चेहरा ठेवून तो घेतला. हे मी आयुष्यभर बघत आले आहे. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, कुठे चाललास विचारायचं नाही. शाळेच्या बसकडे जाताना डबा विसरला तरी आई माझ्या पुढे येऊन उभी राहायची. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आणि हातात शिट्टी आल्यावर मात्र एका स्पॅनियलला मागून हाक मारायला माझी जीभ उचलत नव्हती.

मी दारातच हसत सुटले. आईला वाटलं मी तिलाच हसते आहे.

"हस, हस. तुझी आजी असती म्हणजे कळलं असतं."

मी तिला सगळं सांगितलं. शेत, बाई, पाठमोरी कुत्री. बऱ्याच दिवसांनी मी आईशी इतकं सलग बोलले असेन, आणि तेही मराठीत. आईनं ते गंभीरपणे ऐकून घेतलं. या विषयात तिचा अधिकार आहे असं तिला वाटत होतं, आणि होताच.

"चुकून मागून हाक मारली गेलीच तर काय करतात?" मी विचारलं.

"काय म्हणजे? माणसानं घटकाभर बसायचं. घोटभर पाणी प्यायचं. आणि पुन्हा निघायचं."

"परत घरात यायला लागतं?"

"आलं तर उत्तम. पण मुख्य म्हणजे बसायचं." मग ती म्हणाली, "आणि बसला की त्याला जाऊ द्यायचं गं. आलाच आहेस तर हे कर, ते कर असं करायचं नाही. मग कशाला कोण थांबेल?"

मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझी दुसरी चूकही त्यात सापडली होती. ती बसली रे बसली की मी तिला बोलावून घेत होते. तिच्या लेखी लांब शिट्टीचा अर्थ 'खेळ संपला, आता परत' असा झाला होता. शेतात, जिथे पुढे हजार वास आहेत, तिथे असल्या शिट्टीला ती कशाला बसेल?

त्या रविवारी आई माझ्याबरोबर गोदामात आली. माल रचायच्या एका लाकडी पॅलेटवर ओढणी टाकून बसली आणि संत्रं सोलायला लागली. मी कुत्रीला रॅकच्या वाटेनं पुढे सोडलं. या वेळी तिच्या वळण्याची वाट बघितली नाही. तिच्या पाठीवरचा मोठा चॉकलेटी डाग माझ्यापासून लांब लांब जात होता. मी त्या डागाकडे बघत शिट्टी वाजवली. आधी तिचं बूड खाली टेकलं, आणि मग मान वळली. चेहऱ्यावर एवढं आश्चर्य की आपण का बसलो हे तिलाच कळलेलं नसावं. मी चालत तिच्यापर्यंत गेले, ती होती तिथेच तिला सुक्या चिकनचा तुकडा दिला, आणि हात पुढे करून पुन्हा पाठवलं.

"जा गं बाई आता," मागून आई म्हणाली.

पुढचे सगळे रविवार असेच गेले. गोदाम झालं, मग गोदामाबाहेरचं कुंपणातलं आवार लांब दोरी लावून, मग बाईंच्या शेताचा कोपरा, मग त्याच्या पुढचा कोपरा. जागा बदलली की पहिल्या दिवशी ती सगळं विसरायची, आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर आठवायची. माझी शिट्टी मात्र आता दर वेळी सारखीच असायची. पार्किंगमधल्या बाल्कन्यांनाही तिची सवय झाली. एकदा मी खाली उतरले तर वरून तोच आवाज आला, "सिस्टर, आज टाइम पे नहीं आयी!" मी वर बघून हात केला.

मार्च आला. सकाळी नऊलाच ऊन टोचायला लागलं होतं. बाईंनी मेसेज केला, या शनिवारी बघू. बाबा म्हणाला, मी गाडी चालवतो, तू मागे तिच्याबरोबर बस. शेतावर उतरल्यावर त्यानं वाकून पिकाचा शेंडा तोडला. "हा तर लसूणघास! आणि मी समजत होतो तू हिला वाळूत फिरवतेस."

बाईंनी काम समजावलं. शिकार करायची नव्हतीच, इथे त्याला परवानगीही नाही. पक्ष्याच्या जागी कॅनव्हासची भरलेली छोटी पिशवी असते, तिला डमी म्हणतात. त्यांनी एक डमी शेताच्या डाव्या कडेला गवतात लपवली होती. कुत्रीला ती कुठे आहे हे माहीत नव्हतं. मी तिला सरळ पुढे पाठवायचं, शेताच्या मध्यावर शिट्टीनं बसवायचं, आणि तिथून हातानं डावीकडे पाठवायचं. शेतापलीकडे खजुरीची एक रांग होती आणि तिच्यामागे पाण्याच्या टँकरचा रस्ता.

मी पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात अडकवला. ती माझ्याकडे बघून थरथरत होती. मी हात पुढे केला आणि ती सुटली.

ती मध्यावर पोचायच्या आधीच तिच्या नाकाखालून फडफड करत एक तितर उठला. तो कुणाच्या योजनेत नव्हता. जमिनीलगत, सरळ खजुरींच्या दिशेनं तो उडाला, आणि ती त्याच्या मागे. कान मागे, पोट जमिनीला. रस्त्यावरून टँकर येत असल्याचा आवाज मला आधी आला आणि मग खजुरींच्या मधून त्याची निळी टाकी दिसली. बाबा म्हणाला, "अगं…"

मला फक्त तिच्या पाठीवरचा डाग दिसत होता. मी शिट्टी वाजवली.

ती बसली. वेग इतका होता की बसूनही थोडी घसरली, लसूणघासात एक पट्टा उमटला. तितर खजुरींच्या वरून पलीकडे गेला. टँकर धूळ उडवत गेला. ती बसलेलीच होती, मान वळवून माझ्याकडे बघत, जीभ बाहेर.

त्या क्षणी तिला बोलवावं, उचलून घ्यावं, गाडीत घालून घरी न्यावं असं मला इतकं वाटलं की हात आपोआप छातीकडे यायला लागला. तो मी तिथेच धरला. ती बसली होती, आता तिला जाऊ द्यायला हवं होतं. मी हात डावीकडे लांब केला. ती उठली, पक्षी गेला त्या बाजूला एकदाही न बघता डावीकडे गेली, गवतात नाक घालून दोन गिरक्या मारल्या आणि डमी तोंडात घेऊन आली. मी वाकून हात पुढे केले, तिनं ती त्यात ठेवली. कॅनव्हास ओला आणि गरम होता.

बाबा दुसरीकडे बघून चष्मा पुसत होता. "बरी धावते," तो म्हणाला.

फोन काढून बाईंनी काहीतरी टाईप केलं आणि पाठवण्याआधी स्क्रीन माझ्यासमोर धरली. मॅनेजरसाठी एकच ओळ होती. कुत्री जिथे आहे तिथेच राहील, माझ्यापेक्षा बरी शिट्टी वाजवणारी माणसं तिला मिळाली आहेत. त्यांनी पाठवा दाबलं. मी थँक यू म्हणाले, ते त्यांना ऐकू गेलं असावं.

मी गळ्यातला पट्टा काढायला लागले तसा त्यांनी हात केला. "राहू दे तो तिथेच. गाडीपर्यंत तशीच घेऊन जा."

"अगं, पट्टा लाव, पुढे रस्ता आहे," बाबा मागून मराठीत म्हणाला.

"नको, बाबा. राहू दे."

शेताच्या कडेनं गाडीपर्यंत एक कच्ची वाट जाते. ती पुढे निघाली, दर झुडपाचा वास घेत, कधी माझ्या डावीकडून, कधी उजवीकडून. शिट्टी माझ्या हातात होती आणि ती वाजवायची गरज पडली नाही. मागे बाई बघत उभ्या आहेत हे न वळताही मला कळत होतं. बाबा फोनवर आईला सांगत होता. टँकर त्याच्या सांगण्यात भलताच मोठा झाला होता आणि तितराचा मोर व्हायला फारसं उरलं नव्हतं. माझ्याकडे कुणी बघत असलं की एरवी मी भराभर पाऊल उचलते. त्या दिवशी मी मुद्दाम सावकाश चालले.